'साहेबांना पाठवून द्या'

आमच्या केंद्रात सल्ल्यासाठी येणाऱ्या बायकांची माहिती लिहून घेताना गेले वर्षभर मी एक जादा प्रश्न विचारते आहे. छापील फॉर्ममध्ये तो नाही. घरात दुचाकी किंवा चारचाकी आहे का, असेल तर तिचे इंजिन ऑइल किती दिवसांनी बदलता, आणि ते ठरवते कोण? बायका आधी हसतात. मग उत्तर येते, "ते सगळं हेच बघतात." जिच्या घरी 'हे' उरलेले नाहीत ती दिराचे नाव घेते, भावाचे घेते, नाहीतर चौकातल्या गॅरेजवाल्याचे. "भाऊ सांगतात तेव्हा बदलून टाकतो." यातल्या कितीतरी जणी रोज स्वतः गाडी चालवतात. मुलांना शाळेत सोडतात, नोकरीवर जातात, सासूला दवाखान्यात नेतात. गाडी त्यांच्या हाताखालून रोज जाते, पण तिच्या पोटात काय चालले आहे ते त्यांनी विचारायचे नाही, अशी रीत आहे.

सहकारी मैत्रिणी मला चिडवतात. मारहाण, पोटगी, नवऱ्याची दारू या रांगेत हे तेल तू कुठून आणलेस? माझे म्हणणे असे की तेल त्याच रांगेतले आहे. घराच्या खालोखाल ज्या वस्तूत कुटुंबाचा पैसा अडकतो आणि जी वस्तू बाईला उंबऱ्याबाहेर नेते, तिची देखभाल बाईच्या ताब्यात नसेल तर बाहेर जाणेही तिच्या ताब्यात नसते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने आर्थिक छळाच्या व्याख्येत, वापरण्याचा हक्क असलेल्या साधनांपासून बाईला तोडणे, हेही घातले आहे. नवऱ्याने किल्ली काढून घेतली तर ते मॅजिस्ट्रेटसमोर सांगता येते. पण "गाडी खराब आहे, रस्त्यात बंद पडेल, नेऊ नको" असे म्हणून त्याने तिला घरी बसवले, तर ती काय सांगणार? गाडी खरेच खराब आहे की नाही हे तिला तपासता येत नाही, आणि तपासता येत नाही हे त्याला माहीत आहे. किल्ली न काढताच किल्ली काढली जाते.

नागपूरची बाई गाडीला घाबरते असे म्हणण्याची कोणाची टाप नाही. शहर सपाट आहे, पसरलेले आहे, सिटी बसचा भरवसा कधीच नव्हता. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने लुना काढली आणि इथल्या शिक्षिका, नर्स, ऑफिसात जाणाऱ्या बायका तिच्यावर बसून मोकळ्या झाल्या. लुनाचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि ते पेट्रोलबरोबर जळून जायचे. त्यामुळे लुनावाल्या मावश्यांना तेलाचा हिशेब पाठ असायचा. पंपावर उभ्या राहून त्या पाहायच्या की पोऱ्या तेल पुरेसे घालतो की नाही, आणि हात आखडला तर भांडायच्या. पुढे फोर-स्ट्रोक बिनगियरच्या स्कूटर आल्या. त्यांत तेल जळत नाही, इंजिनातच राहते, फिरते, मळते, म्हणून ते ठरावीक काळाने काढून नवे घालावे लागते. स्कूटरमध्ये हे तेल लिटरभरही नसते, त्यामुळे थोडे कमी झाले तरी त्रास मोठा. हा बदल बायकांना कोणी समजावून सांगितला नाही. मजा फक्त मुलांनीच का करायची, असे विचारणाऱ्या जाहिराती २००५ पासून आपण पाहिल्या, गुलाबी रंग पाहिले, पर्स अडकवायचा हूक पाहिला. देखभालीची पुस्तिका मात्र सीटखालच्या प्लास्टिकच्या पिशवीत इंग्रजीत पडून राहिली. लुनावाल्या मावशीकडे जेवढे ज्ञान होते तेवढेही तिच्या सुनेकडे आले नाही.

आता मूळ प्रश्न. मोटारीचे ऑइल किती दिवसांनी बदलायचे? सगळ्या गाड्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, आणि जो कोणी तो छातीठोकपणे सांगतो त्याचे ऐकू नये. अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात कार्ब्युरेटरची इंजिने होती, साधे खनिज तेल होते. दर काही हजार किलोमीटरला तेल बदलणे त्या वेळी रास्तच होते. तो आकडा बापाकडून मुलाकडे आला, मेस्त्रीकडून पोऱ्याकडे आला आणि अजून फिरतो आहे. दरम्यान इंजिने बदलली, तेले बदलली. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असे लिहिलेले सापडते. काही गाड्यांत याहून कमी, काहींत जास्त. अमेरिकेतही तीन हजार मैलांचा असाच जुना नियम लोकांच्या डोक्यात बसला होता. शेवटी कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा व्यवस्थापन खात्याला मोहीम काढून सांगावे लागले की बाबांनो, आपापल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहा, विनाकारण तेल फेकू नका. म्हणजे हा गोंधळ आपल्याच गावचा आहे असे नाही.

'किंवा एक वर्ष' हे शब्द घाईत वाचून सोडून देऊ नयेत. तेल गाडी उभी असतानाही जुने होते. मुले पुण्याला किंवा परदेशी, नवरा गेलेला, अंगणात कव्हर घातलेली गाडी आणि महिन्यातून दोनदा देवळापर्यंत फेरी, अशी घरे आपल्या लक्ष्मीनगर-प्रतापनगरात गल्लीगल्लीत आहेत. "चाललीच कुठे, मग तेल कशाला?" असे त्या काकूंना सांगितले जाते. वर्ष झाले असेल तर बदलायचे, एवढे साधे आहे.

पण खरी गंमत पुस्तिकेच्या पुढच्या पानावर आहे. तिथे दुसरा एक तक्ता असतो, कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाडीसाठी. त्यात तेल लवकर, पुष्कळ वेळा निम्म्याच अंतरात, बदलायला सांगतात. कठीण परिस्थिती म्हणजे काय? आपल्याला वाटेल घाट, जंगल, ट्रकसारखे ओझे. ओझे आणि धूळ त्यात आहेतच. पण त्याच यादीत आणखी काय असते पाहा: वारंवार छोट्या अंतराच्या फेऱ्या. थांबत-थांबत चालणे. इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभे राहणे.

मैत्रिणींनो, हा कोणाचा दिनक्रम आहे?

सकाळी मुलाला शाळेत, दीड किलोमीटर. तिथून भाजी. घरी. अकराला बँक. दुपारी मुलाला आणायचे, शाळेच्या फाटकाशी वीस मिनिटे उभे राहायचे. संध्याकाळी ट्यूशन, मग सासूबाईंची तपासणी. दिवसभरात सहा-सात वेळा इंजिन सुरू आणि सहा-सात वेळा बंद, आणि आकडा पुढे सरकतो तो बारा-पंधरा किलोमीटरने. नवरा म्हणतो, "तू काय, धरमपेठेत जाऊन येतेस. गाडीला होतं काय त्यानं?" आणि तो स्वतः समृद्धी महामार्गाने सातशे किलोमीटर मुंबई गाठून येतो तेव्हा घरभर सांगतो की गाडीला फार ताण पडला, आता सर्व्हिसिंग करायला हवे. इंजिनाच्या दृष्टीने हे नेमके उलटे आहे. एका लयीत लांब चाललेले इंजिन सुखी असते. तापायच्या आत बंद होणाऱ्या इंजिनात न जळलेले पेट्रोल आणि जळणातून झालेली वाफ तेलात उतरते. लांब चालले तर ती उष्णतेने उडून जाते, नाहीतर तिथेच राहते आणि तेल पातळ व आंबट करते. नागपूरच्या मे महिन्यात इंजिन तापायला वेळ लागत नाही हे खरे, पण डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी पारा दहाच्या खाली जातो तेव्हा आणि पावसाळ्यात हा त्रास आहेच. उन्हाळ्याचा त्रास वेगळा. २०१३ च्या मे महिन्यात या शहराने ४७.९ अंश पाहिले आहे. अशा दुपारी शाळेबाहेर एसी लावून गाडीत वाट पाहणाऱ्या बाईचे इंजिन चालूच असते, तेल भाजून निघत असते, आणि किलोमीटरचा काटा मात्र जागचा हलत नाही.

काटा अंतर मोजतो, थांबणे मोजत नाही. आपल्याला हे हिशेबाचे शास्त्र ओळखीचे आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बायका बिनमोलाच्या घरकामात दिवसाला २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८, असे निघाले. त्या २८९ मिनिटांत बाई घरातल्या घरात किती 'किलोमीटर' गेली? शून्य. म्हणून तिने काही केले नाही. "दिवसभर घरीच तर असतेस." तिच्या श्रमाला जो न्याय तोच तिच्या गाडीला. कंपनीच्या इंजिनिअरांनी, ज्यांना स्त्रीमुक्तीशी काही देणेघेणे नव्हते, निव्वळ धातू आणि तेल पाहून लिहून ठेवले आहे की हे काम कठीण वर्गातले आहे. हे पान आपण फाडून घरातल्या फ्रिजवर लावले पाहिजे.

म्हणजे बाईच्या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होते. घरी नवरा म्हणतो, अजून बदलायची गरज नाही. गॅरेजात भाऊ म्हणतो, आत्ताच बदला. दोघांपैकी कोणीही पुस्तिका उघडलेली नसते.

गॅरेजचा अनुभव तर आपल्यापैकी प्रत्येकीला आहे. बाई एकटी गेली की पट्टी बाहेर निघते. पट्टी म्हणजे तेलाची पातळी पाहायची ती लांब सळई, डिपस्टिक. तिच्या टोकाचा काळा थेंब बोटावर घेऊन तो आपल्या नाकासमोर धरला जातो. "मॅडम, पाहा किती काळं झालं! इंजिन बसून जाईल." आपण घाबरतो आणि पैसे मोजतो. काळा रंग हा काही पुरावा नाही. तेलात मळ धरून ठेवणारी, इंजिन धुणारी रसायने मुद्दाम घातलेली असतात. ती आपले काम करू लागली की तेल काळे होणारच. डिझेल गाडीत तर नवे तेल काही दिवसांतच काळेकुट्ट दिसते. रंगावरून ठरवायचे झाले तर दर पंधरवड्याला तेल बदलावे लागेल, आणि काही ठिकाणी तोच बेत असतो. दुसरी गोष्ट, कोपऱ्यात ठेवलेल्या पिंपातले एकच तेल स्कूटरपासून मोटारीपर्यंत सगळ्यांना ओतले जाते. पुस्तिकेत तेलाची जात दिलेली असते, पाच-डब्ल्यू-तीस, शून्य-डब्ल्यू-वीस अशी. यातला पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहील ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती दाट राहील ते. नव्या इंजिनाला वीस-डब्ल्यू-चाळीसचे जुन्या पद्धतीचे दाट तेल घालणे म्हणजे तान्ह्या बाळाला पाहुण्यांचे जेवण वाढणे.

आणि तुम्ही हे विचारलेत, की बाई, कोणते तेल घालता आहात, डबा दाखवा, की ठरलेले वाक्य येते. "मॅडम, तुम्हाले नाही समजणार त्यातलं. साहेबांले पाठवून द्या, त्यांच्याशी बोलतो."

साहेबांना तरी कळते का? हा आक्षेप मला नेहमी घेतला जातो आणि तो खरा आहे. बहुसंख्य साहेबांना काही कळत नाही. माझ्या ओळखीचे दोन इंजिनिअर आहेत ज्यांनी पट्टी कुठे असते ते अजून पाहिलेले नाही. पण साहेब गेले की मेस्त्रीचा आवाज बदलतो, दर बदलतो, आणि साहेबाने "नको, पुढच्या महिन्यात बघू" म्हटले तर तो विषय तिथे संपतो. अज्ञान दोघांचे सारखे असले तरी त्याची किंमत दोघांकडून सारखी घेतली जात नाही. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मेस्त्रीविरुद्ध नाही. तोही उन्हात, ग्रीसमध्ये, बिनविम्याचा राबणारा माणूस आहे. त्याला हे वाक्य शिकवणारा समाज आपल्या घरातच जेवायला बसलेला असतो.

दुसरा आक्षेप आमच्याच चळवळीतून येतो, की हे मोटारवाल्या बायकांचे दुखणे आहे, गरीब बाईचा त्यात काय संबंध? मानेवाड्याच्या बाजूची एक बाई सांगते. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. तो गेल्यावर हप्ते उरले होते म्हणून तिने स्वतः परवाना काढला, बॅज मिळवला आणि व्हॅन चालवायला घेतली. पोरे तिला 'व्हॅनवाली मावशी' म्हणू लागली. एक दिवस समोर लाल दिवा लागला, तेलाच्या झारीच्या चित्राचा. तिने त्याच संध्याकाळी दिराला सांगितले. दीर म्हणाला, "सेन्सर खराब असते, चालू दे." चार दिवस तिने चालवली. पाचव्या दिवशी इंजिन जाम झाले, आत तेल जवळजवळ संपलेले होते. मुले सुखरूप उतरली हे नशीब. दुरुस्तीत भिशीचे पैसे गेले, दोन महिने धंदा बंद, पालकांनी दुसरी व्हॅन लावली. आणि आता सगळी वस्ती म्हणते, "बाईनं गाडी चालवली की असंच होते." दीर तर सर्वांत मोठ्याने म्हणतो.

तो लाल दिवा तेल बदलण्याची आठवण करून देण्यासाठी नसतो. तेलाचा दाब पडला आहे, धातूवर धातू घासतो आहे, आत्ता या क्षणी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, एवढाच त्याचा अर्थ. हे तिला कोणी सांगितले असते तर? परवान्याच्या परीक्षेत तिला रस्त्यावरची चिन्हे विचारली होती. समोरच्या चिन्हांचे कोणी विचारले नाही.

तिने करायला हवी होती ती गोष्ट पाच मिनिटांची आहे. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचे म्हणजे तेल खाली उतरते. पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची. दोन खुणांच्या मध्ये तेल दिसले तर ठीक, खालच्या खुणेच्या खाली गेले तर त्याच जातीचे तेल थोडे थोडे घालायचे, आणि वरच्या खुणेपलीकडे जाऊ द्यायचे नाही. महिन्यातून दोनदा केले तरी पुरे. तेल बदलले त्या दिवशी तारीख आणि किलोमीटर वहीत लिहायचे, बिल जपायचे. ज्या बाईला दुधाचा, गॅस सिलिंडरचा, मुलांच्या लसींचा हिशेब तोंडपाठ असतो तिला हे जमणार नाही असे कोण म्हणतो?

म्हणतो कोण, ते पाहू. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे बाविसावे कलम काढा. चालू यंत्राच्या भागांची सफाई करणे, त्यांना वंगण देणे, ते जुळवणे ही कामे 'स्त्री किंवा अल्पवयीन व्यक्ती' यांना करू देऊ नयेत, असे त्यात लिहिले होते. वंगण हा शब्द कायद्यात आहे! हेतू संरक्षणाचा होता, पट्ट्यात पदर अडकून बायका मेल्या आहेत, हे मी नाकारत नाही. पण पट्ट्यात पुरुषाचा हातही तसाच जातो. यंत्र थांबवल्याशिवाय कोणीच तेल देऊ नये, असा नियम करता आला असता. तसे न करता बाईला मुलांच्या रांगेत बसवले गेले. त्यातही मुलगा अठरा वर्षांचा होतो आणि रांगेतून बाहेर पडतो, बाई मात्र त्या कलमाच्या लेखी कधीच सज्ञान होत नाही. सत्तर वर्षांहून अधिक काळ हे कलम कायद्यात राहिले. २०२० साली संसदेने संमत केलेल्या कामाच्या सुरक्षिततेच्या संहितेत स्त्रियांना सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामावर घेता येईल असे लिहिले गेले. कागद बदलला. गॅरेजातले वाक्य तेच आहे.

१९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये असे छापले होते, आणि सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना पुण्यात नोकरी मिळाली. आज पुण्याच्याच टाटा मोटर्समध्ये मोटारी जोडणारी एक अख्खी रांग बायका चालवतात. परभणीहून पुण्याला आलेल्या शिला डावरे यांनी १९८८ मध्ये रिक्षा हातात घेतली. साताऱ्याच्या सुरेखा यादव त्याच सुमाराला मध्य रेल्वेत इंजिन चालवण्याच्या कामावर लागल्या आणि २०२५ साली त्या पदावरून निवृत्त झाल्या. त्याही आधी, पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात छापखाना चालवला आणि बायकांच्या हातून खिळे जुळवून घेतले. ही नावे आपण आठ मार्चला फलकावर लिहितो आणि नऊ मार्चला गाडी पाहायला भाऊजींना बोलावतो.

माझा राग जास्त आपल्यावर आहे, म्हणजे माझ्यासारख्या संस्थांत काम करणाऱ्यांवर. बाईच्या पायावर उभे राहण्याचा विषय निघाला की आपल्या प्रस्तावात काय येते? शिवणयंत्र. पापड, लोणची, मेणबत्त्या, आता ब्यूटी पार्लर. शिवणयंत्राबद्दल माझी तक्रार नाही, उलट ते माझे साक्षीदार आहे. एकाही शिवणवर्गात असे होत नाही की बाई यंत्र चालवायला शिकली आणि तेल द्यायला तिने दिराला बोलावले. झारीच्या टोकाने कोणत्या भोकात किती थेंब, कापडावर डाग पडू नये म्हणून आधी रद्दीवर टिपा मारायच्या, बॉबिनच्या खालची लव काढायची, हे तिला पहिल्या आठवड्यात येते. कुकरची शिटी, मिक्सरचे कपलिंग, पिठाच्या गिरणीचा पट्टा, सगळे येते. तेव्हा यंत्र तिला कळत नाही ही थाप आहे. जे यंत्र घरात बसवते ते तिला शिकवले जाते, जे यंत्र घराबाहेर नेते ते शिकवले जात नाही. महाराष्ट्रातल्या आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. मोटार मेकॅनिकच्या वर्गात त्यातल्या किती भरल्या, हा प्रश्न आपण आपापल्या तालुक्यात जाऊन विचारला आहे का? आपल्या समुपदेशनाच्या खोलीत आलेल्या दहावी पास मुलीला आपण नर्सिंगचा फॉर्म देतो की मेकॅनिकचा?

केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारी हे एक क्षेत्र धरले आणि त्या वर्षाअखेर कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एकत्र देणारे पोर्टलही काढले. चांगले झाले. पण ज्या पुस्तिकेवर हा हक्क उभा आहे ती मराठीत मिळत नसेल तर तो इंग्रजी येणाऱ्या साहेबांचाच हक्क राहतो. पुस्तिका मराठीत छापा, आणि तेलाचे पान पहिल्या दहा पानांत घ्या, ही मागणी आपण कंपन्यांकडे करायला हवी. परवान्याच्या परीक्षेत समोरच्या दिव्यांवर प्रश्न घाला, ही परिवहन खात्याकडे. आणि तेल बदलल्यावर डब्यावरची जात, किलोमीटर व तारीख लिहिलेले बिल घेतल्याशिवाय गॅरेजातून निघायचे नाही, हे आपण आपल्यापुरते आजपासून करू शकतो. काढलेले जुने तेल कुठे जाते, तेही विचारा. ते घातक कचऱ्यात मोडते, नाल्यात ओतायची वस्तू नाही, आणि आपली नाग नदी आधीच पुरेशी काळी आहे.

काही जण आता म्हणतील, हे सगळे जुने झाले, विजेच्या गाड्या आल्या, त्यांत इंजिन ऑइलच नाही. बरोबर. राज्य सरकारने २०२४ मध्ये बायकांसाठी पिंक ई-रिक्षा योजना आणली, दहा हजार बायकांना रिक्षा देण्यासाठी, आणि त्यात नागपूरही आहे. किमतीचे दहा टक्के बाईने भरायचे, वीस टक्के सरकारचे आणि सत्तर टक्के बँकेचे कर्ज. तेल नाही, पण कर्ज आहे. बॅटरी उन्हात किती तापू द्यायची, रात्रभर चार्जिंगला लावायची का, पट्टी-ब्रेक कधी पाहायचे, समोर कोणता दिवा लागला की थांबायचे, हे प्रश्न तसेच आहेत, आणि बॅटरी गेली तर बुडणारी रक्कम तेलाच्या डब्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. या योजनेत रिक्षा घेणाऱ्या ज्या बायका आपल्या वस्तीत असतील त्यांना या महिन्यात भेटा. देखभालीचे प्रशिक्षण किती दिवसांचे झाले, ते कोणत्या भाषेत झाले, हातात पुस्तिका पडली का, आणि बिघाड झाल्यावर फोन केला तर पलीकडचा माणूस कोणाशी बोलायला मागतो, हे लिहून पाठवा.